बीटल्स आणि एड सलिव्हन शो, ९ फेब्रुवारी १९६४ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉकच्या इतिहासात टीव्हीवरच्या ज्या मोजक्या रात्रींबद्दल लोक आजही वाद घालतात, त्यांत ही रात्र पहिली. तिच्याभोवती दंतकथाही भरपूर साचल्या आहेत. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण प्रकरणच तसं आहे.

त्या रात्री नेमकं काय झालं?

रविवार, रात्री आठची वेळ. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या 'स्टुडिओ ५०' या सीबीएस वाहिनीच्या थिएटरातून 'द एड सलिव्हन शो' थेट प्रसारित झाला. लिव्हरपूलचे चार पोरगे, म्हणजे बीटल्स हा ब्रिटिश बँड, आले आणि दोन टप्प्यांत पाच गाणी वाजवून गेले. जॉन लेनन आणि रिंगो स्टार २३ वर्षांचे, पॉल मॅकार्टनी २१ चा, जॉर्ज हॅरिसन जेमतेम २० चा. तासाभराच्या कार्यक्रमात त्यांच्या वाट्याला पाव तासही आला नाही. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या निल्सन कंपनीनुसार तो कार्यक्रम सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला. त्या वेळी अमेरिकेची लोकसंख्या १९ कोटींच्या आसपास होती.

एड सलिव्हन हा गायक होता का?

छे. गाणं नाही, नाच नाही, विनोदही धड सांगता येत नव्हता. मुळात तो न्यूयॉर्कमधला वृत्तपत्रीय स्तंभलेखक. नाटक-सिनेमाच्या जगातल्या आतल्या खबरा हे त्याचं खाद्य. १९४८ मध्ये त्याला टीव्हीवर सूत्रसंचालन मिळालं आणि १९७१ पर्यंत त्याने रविवारची रात्र सोडली नाही. कॅमेऱ्यासमोर तो खांदे आवळून, मान अडकल्यासारखा उभा राहायचा, आणि नकलाकारांनी त्याची नक्कल करून पोटं भरली. पण माणूस हेरण्यात तो पक्का होता. एकाच तासात ऑपेरा, कसरतपटू, बोलक्या बाहुल्या, विनोदवीर आणि पोरांच्या आवडीचा एखादा गायक, असा सगळा मेळ. आजीपासून नातवापर्यंत सगळं घर एकाच टीव्हीसमोर बसायचं आणि प्रत्येकाला काहीतरी मिळायचं. बीटल्सच्या बाबतीत हाच मुद्दा पुढे कामाला आला: पोरांनी त्यांना चोरून पाहिलं नाही, आईवडिलांच्या शेजारी बसून पाहिलं.

सलिव्हनला बीटल्स सापडले कसे?

नेहमी सांगितला जाणारा किस्सा असा. ३१ ऑक्टोबर १९६३ ला सलिव्हन लंडनच्या विमानतळावर होता. स्वीडनचा दौरा आटोपून बीटल्स परत येत होते आणि पावसात हजारो पोरं ताटकळत उभी होती. हा गोंधळ कशाचा, म्हणून त्याने चौकशी केली.

विमानतळाचा किस्सा रंगतदार आहे, पण खरं काम कागदावर झालं. बीटल्सचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टीन नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला आला आणि सलिव्हनशी बोलणी केली. तीन कार्यक्रम, दोन थेट आणि एक आधी चित्रित केलेला. त्यांचे मिळून १०,००० डॉलर, वर विमानभाडं आणि राहण्याचा खर्च. एल्विस प्रेस्लीला १९५६ मध्ये तीन कार्यक्रमांचे ५०,००० मिळाले होते, तेव्हा पैशाच्या हिशेबात एपस्टीनने स्वस्तात सौदा केला. पण त्याची अट वेगळीच होती: जाहिरातीत नाव सगळ्यात वर हवं. अमेरिकेत एकही गाणं न चाललेल्या बँडसाठी ही मागणी म्हणजे उद्धटपणाच. सलिव्हनने ती मान्य केली.

म्हणजे अमेरिकेने त्यांना पहिल्यांदा त्याच रात्री ऐकलं?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' हे गाणं १ फेब्रुवारीच्याच बिलबोर्ड यादीत, म्हणजे त्या नावाच्या साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. बँड अमेरिकेत उतरला ७ तारखेला. टीव्हीने त्यांना प्रसिद्धी दिली असं म्हणण्यापेक्षा, रेडिओने कानात बसवलेल्या आवाजाला टीव्हीने चेहरे दिले, असं म्हणावं.

त्याआधीचा घटनाक्रम पाहण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये बीटल्सच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआयच्याच मालकीच्या कॅपिटल रेकॉर्ड्सने अमेरिकेत १९६३ मध्ये बीटल्सची गाणी एकामागून एक नाकारली. ती व्ही-जे आणि स्वान या छोट्या कंपन्यांनी काढली आणि ती चालली नाहीत. मग सीबीएसच्या लंडन प्रतिनिधीने ब्रिटनमधल्या या वेडावर एक बातमी केली. ती २२ नोव्हेंबरला सकाळच्या बातम्यांत लागली आणि संध्याकाळी पुन्हा दाखवायची होती. दुपारी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली आणि ती बातमी कपाटात गेली. १० डिसेंबरला वॉल्टर क्रॉन्काइटच्या बातम्यांत ती अखेर लागली. ती पाहून वॉशिंग्टनजवळच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीने स्थानिक रेडिओ केंद्राला पत्र लिहिलं: असं संगीत आपल्याकडे का नाही? तिथल्या कॅरल जेम्स या निवेदकाने एका हवाईसुंदरीमार्फत ब्रिटनहून तबकडी मागवली आणि वाजवली. फोन थांबेनात. कॅपिटलचं मन तोवर बदललं होतं; 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड'ची जानेवारीच्या मध्यात काढायची तबकडी त्यांनी घाईने २६ डिसेंबरला बाजारात आणली.

आता तारीख बघा: नाताळची सुट्टी. पोरं घरी, हातात नाताळचे पैसे, उशाशी ट्रान्झिस्टर. जानेवारीत ठरल्याप्रमाणे आली असती, तर तीच तबकडी शाळा सुरू असताना आली असती. मग ९ फेब्रुवारीपर्यंत ती कुठे असती कोण जाणे.

केनेडींच्या हत्येच्या दुःखातून देशाला बीटल्सनी बाहेर काढलं, हे खरं का?

ऐकायला छान आहे, म्हणून ते दर दहा वर्षांनी नव्याने छापलं जातं. हत्या आणि कार्यक्रम यांत अकरा आठवड्यांचं अंतर, त्यामुळे सांधाही जुळतो. पण ब्रिटनमध्ये हेच वेड १९६३ च्या ऑक्टोबरातच शिगेला पोचलं होतं, आणि तिथे कोणत्या राष्ट्रप्रमुखाची हत्या झाली होती? मला यापेक्षा साधं कारण पटतं: महायुद्धानंतर जन्मलेली प्रचंड मोठी पिढी नेमकी तेव्हा वयात येत होती, तिच्या हातात पैसा होता, आणि देशभर चॅनलं होती तीन. केनेडींच्या हत्येचा या प्रकरणाशी धागा आहे, पण तो वर सांगितलेल्या लांबलेल्या बातमीचा.

७ कोटी ३० लाख हा आकडा फुगवलेला तर नाही?

माणसं कोणी एकेक करून मोजली नव्हती. निल्सन निवडक घरांच्या नमुन्यावरून अंदाज बांधत असे. त्या रात्रीचा निकाल: टीव्ही असलेल्या दर शंभर घरांपैकी ४५.३ घरांत हा कार्यक्रम लागला होता, आणि त्या वेळी चालू असलेल्या संचांपैकी ६० टक्क्यांवर. घरांची संख्या २ कोटी ३२ लाख ४० हजार. घरटी तीनपेक्षा जरा जास्त माणसं धरली की ७ कोटी ३० लाख येतात. आकडा अंदाजाचाच, पण हवेतला नाही.

एल्विसचे चाहते इथे एक वाजवी हरकत घेतात. सप्टेंबर १९५६ मध्ये याच कार्यक्रमात एल्विस आला तेव्हा प्रेक्षक ६ कोटी होते, पण चालू संचांपैकी ८२.६ टक्के त्याच्यावर होते. प्रमाणात बघितलं तर एल्विसची रात्र मोठी. मधल्या आठ वर्षांत घरोघरी टीव्ही वाढले, म्हणून बीटल्सचा आकडा मोठा दिसतो.

कोणती गाणी वाजवली?

पहिल्या टप्प्यात 'ऑल माय लव्हिंग', 'टिल देअर वॉज यू' आणि 'शी लव्ह्ज यू'. दुसऱ्यात 'आय सॉ हर स्टँडिंग देअर' आणि 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड'.

यात दुसऱ्या गाण्याची निवड धूर्त आहे. ते बीटल्सचं नाहीच, ब्रॉडवेवरच्या एका संगीत नाटकातलं हळवं गाणं आहे. सोफ्यावर कपाळाला आठ्या घालून बसलेल्या वडिलांना ते ओळखीचं. पॉल ते गोड गळ्याने म्हणत असताना पडद्यावर एकेकाचं नाव झळकतं: पॉल, रिंगो, जॉर्ज. शेवटी जॉन, आणि त्याच्या नावाखाली ओळ येते की पोरींनो माफ करा, याचं लग्न झालंय. तोवर बऱ्याच चाहत्यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती.

चित्रफीत बघताना नेपथ्याकडेही लक्ष द्या. पहिल्या टप्प्यात चारही बाजूंनी मोठमोठे बाण आत रोखलेले आहेत, जणू कोणाला बघायचं ते प्रेक्षकाला कळणारच नाही. रिंगो उंच चौथऱ्यावर, ढोलावर 'बीटल्स'च्या वर 'लुडविग' हे कंपनीचं नाव. त्या कंपनीला पुढे मागणी पुरी करायला कारखाना रात्रंदिवस चालवावा लागला. तो ढोलाचा पुढचा पडदा २०१५ मध्ये लिलावात २० लाखांहून जास्त डॉलरना गेला.

जॉर्ज आजारी होता म्हणतात?

होय. घसा सुजलेला, अंगात ताप. ८ तारखेच्या तालमीला तो हॉटेलातच झोपून होता आणि कॅमेऱ्याच्या जागा ठरवण्यासाठी बँडचा मदतनीस नील ॲस्पिनॉल त्याच्या जागी उभा राहिला. त्याच दिवशी रिकनबॅकर कंपनीची माणसं न्यूयॉर्कमध्ये गिटारी दाखवायला आली होती. बारा तारांची एक गिटार प्लाझा हॉटेलात जॉर्जच्या पलंगापर्यंत पोचली. सलिव्हनच्या कार्यक्रमात ती दिसत नाही, पण त्या वर्षीच्या पुढच्या गाण्यांतला तो खणखणीत आवाज तिचाच.

आवाज इतका विचित्र का येतो?

जॉनचा माइक दबलेला आहे, विशेषतः दुसऱ्या टप्प्यात. बँडने तालमीत ध्वनिकक्षात जाऊन पातळ्या जुळवल्या होत्या, बटणांपाशी खडूने खुणाही केल्या होत्या. मधल्या वेळात साफसफाईवाल्यांनी त्या पुसून टाकल्या, असं सांगितलं जातं. थिएटरात ७२८ प्रेक्षक होते आणि तिकिटांसाठी मागण्या ५०,००० आल्या होत्या. तेव्हा जे आत बसले होते, ते शांत बसायला आले नव्हते.

त्याच रात्री बाकी कोण होतं?

बीटल्सच्या पहिल्या टप्प्यानंतर लगेच फ्रेड कॅप्स नावाचा डच जादूगार आला. उत्तम कलाकार, पण त्या रात्री त्याच्याकडे बघायला कोणाला सवड होती? नकलाकार फ्रँक गॉर्शिन होता, ब्रिटिश गायिका टेसी ओशे होती, शेवटी कसरतपटू होते. मिट्झी मॅकॉल आणि चार्ली ब्रिल या विनोदी जोडीची तर दैनाच झाली. रंगीत तालीम पाहून सलिव्हनने त्यांना सांगितलं, आज समोर पोरं आहेत, हे त्यांना झेपणार नाही, बदला. ऐनवेळी त्यांनी प्रहसनाची मोडतोड केली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या प्रेक्षकवर्गासमोर आपटले.

'ऑलिव्हर!' या संगीत नाटकातला प्रवेशही झाला. त्यात डेव्ही जोन्स नावाचा एक पोरगा होता. विंगेतून पोरींचा आरडाओरडा पाहून त्याला वाटलं, आपल्यालाही यातलं थोडं हवं. दोन वर्षांनी तो टीव्हीसाठी मुद्दाम जुळवलेल्या 'मंकीज' या बँडमध्ये होता.

आणि मध्येमध्ये जाहिराती: बुटांचं पॉलिश आणि डोकेदुखीवर ॲनासिन. बऱ्याच वडिलांना लागली असणार.

त्या तासात अमेरिकेत एकही गुन्हा घडला नाही, हे खरं?

नाही. मूळ वाक्य वॉशिंग्टनच्या एका दैनिकातल्या स्तंभातलं खवचट शेरा होतं: कार्यक्रम चालू असताना गाड्यांच्या चाकांवरचं एकही झाकण चोरीला गेलं नाही. म्हणजे असलं ऐकणारे तसलेच उनाड, असा टोमणा. पुढे गंमत विसरली गेली आणि शेऱ्याची आकडेवारी झाली.

समीक्षकांनी डोक्यावर घेतलं असेल?

उलट धुतलं. 'न्यूजवीक'च्या मते ते दिसायला भयानक आणि संगीत म्हणून जवळपास आपत्ती. 'हेराल्ड ट्रिब्यून'ने तर मापच काढलं: ७५ टक्के जाहिरात, २० टक्के केशभूषा आणि ५ टक्के रडगाणं. केसांचा विषय आज हास्यास्पद वाटतो. तेव्हा कपाळावर आलेले केस ही घराघरांतली भांडणं होती.

मग खरा परिणाम काय झाला?

आकडे आधी. ४ एप्रिल १९६४ च्या बिलबोर्ड यादीत पहिल्या पाचही जागा बीटल्सच्या. पाठोपाठ ब्रिटिश बँडांची रांग लागली: मार्चमध्ये डेव्ह क्लार्क फाइव्ह, ऑक्टोबरमध्ये ॲनिमल्स आणि रोलिंग स्टोन्स, सगळे सलिव्हनकडेच.

पण याद्या येतात-जातात. माझ्या मते त्या रात्रीने पोरांना एक आकृती दिली, आणि ती टीव्हीशिवाय देता आली नसती. तोवरचा नायक म्हणजे पुढे एक देखणा गायक आणि मागे नाव नसलेले वादक. इथे चौघे. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं वाद्य, गाणारेही तेच, बरीचशी गाणी लिहिणारेही तेच, आणि पुढारी कोण ते ठरवता येत नाही. दोघे एका माइकपाशी येतात, डोकी हलतात, एकमेकांकडे बघून हसतात. रेडिओवर हे कळायला मार्ग नव्हता. पडद्यावर बघणाऱ्या पोराला मात्र लगेच हिशेब लागला: मी, शेजारचा, वर्गातले दोघे. झाला बँड.

फ्लॉरिडातल्या गेन्सव्हिलमध्ये तेरा वर्षांचा टॉम पेटी, लाँग आयलंडवर चौदा वर्षांचा बिली जोएल. दोघांनीही ही रात्र आपली सुरुवात म्हणून सांगितली आहे. नंतर 'किस' बँड काढणारा जीन सिमन्सही त्यातलाच. पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या गल्लोगल्ली मोटारींच्या गॅरेजांत जे बँड वाजू लागले, त्यांतले बहुतेक भिकार होते, आणि तेच महत्त्वाचं. वाजवायला आधी उस्ताद व्हावं लागत नाही, हे कळल्यावरच ते सुरू झाले.

किंचाळणाऱ्या मुलींबद्दल काय? त्या फक्त वेड्या झाल्या होत्या का?

तेव्हाच्या पत्रकारांनी तसंच लिहिलं, आणि कॅमेरेही त्यांचे रडके चेहरे शोधत फिरले. बार्बरा एरेनराइक या लेखिकेने पुढे सहलेखिकांबरोबर वेगळं मांडलं: सभ्य, शांत, नीटनेटकं राहा असं सतत ऐकणाऱ्या मुलींनी एकत्र येऊन, भर चौकात, ताबा सोडला, स्त्रीमुक्तीच्या चळवळीआधीचं ते बंड होतं. सगळंच पटेल असं नाही. पण 'हार्ट' बँडच्या ॲन आणि नॅन्सी विल्सन या बहिणींचं म्हणणं ऐका: आम्हाला बीटल्सशी लग्न करायचं नव्हतं, आम्हाला बीटल्स व्हायचं होतं.

याच संदर्भात एक दृश्य जरूर बघा. मेझल्स बंधू हे माहितीपटकार त्या दिवसांत बँडच्या मागे कॅमेरा घेऊन फिरत होते. कार्यक्रमाच्या वेळी स्टुडिओत चित्रण करू देईनात, तेव्हा ते न्यूयॉर्कमधल्या एका साध्या घरात शिरले आणि टीव्ही बघणाऱ्या मुलींचं चित्रण केलं. तिथे किंकाळ्या नाहीत. मुली पडद्याला डोळे लावून बसल्या आहेत आणि मोठी माणसं जरा बावचळून बघताहेत. थिएटरातल्या ७२८ पेक्षा त्या रात्रीचा खरा प्रेक्षक हा होता.

कृष्णवर्णीय कलाकारांचं यात नुकसान झालं का?

काही अंशी. बीटल्स ज्यांची गाणी गात वाढले ते आयझली ब्रदर्स, शिरेल्स, मार्व्हलेट्स हे अमेरिकेतलेच कृष्णवर्णीय गायक-गायिका. २३ फेब्रुवारीच्या भागात वाजलेलं 'ट्विस्ट अँड शाउट' ब्रिटनच्या पोरांकडून परत आलं तेव्हा अनेक गोऱ्या घरांत ते पहिल्यांदा पोचलं. मुलींच्या गायनचमूंचा बहर १९६४ नंतर ओसरला हेही खरं. पण सरसकट 'बीटल्सनी सगळं गिळलं' म्हणता येत नाही: त्याच वर्षी सुप्रीम्स या कृष्णवर्णीय गायिका पहिल्या क्रमांकावर पोचल्या आणि डिसेंबरात सलिव्हनच्याच मंचावर आल्या. बिलबोर्डने नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ या काळात रिदम अँड ब्लूजची, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या संगीताची, वेगळी यादीच बंद ठेवली होती, त्यामुळे नेमका हिशेब मांडणं अवघड आहे. बीटल्सनी स्वतः मात्र त्या सप्टेंबरात फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलला वंशानुसार वेगळे बसवलेल्या प्रेक्षकांसमोर वाजवायला नकार दिला.

मुंबईत हा कार्यक्रम कोणी पाहिला का?

शक्यच नव्हतं. भारतात तेव्हा टीव्ही होता तो दिल्लीतला प्रयोग म्हणून. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला; तोवर बँड फुटून दोन वर्षं झाली होती. इथे आले ते तबकड्या, परदेशी रेडिओ आणि फोटो. आणि हिंदी सिनेमा! १९६५ च्या 'जानवर'मधलं रफी आणि आशा भोसले यांचं 'देखो अब तो' ऐका. शंकर-जयकिशननी 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड'ची चाल उचललेली लगेच कळते. शम्मी कपूरच्या गाण्यात केसांचे टोप घातलेला बँडसुद्धा आहे. म्हणजे टीव्ही नसलेल्या देशात त्या रात्रीची नक्कल दीड-दोन वर्षांत मोठ्या पडद्यावर आली.

उलट दिशेची वाहतूकही झाली. जॉर्ज १९६६ मध्ये रविशंकर यांच्याकडे सतार शिकायला मुंबईला आला, ताजमध्ये खोट्या नावाने उतरला आणि तरी सापडला. जानेवारी १९६८ मध्ये त्याने फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया त्या वादकांत होते.

एकच रात्र की तीन?

१६ फेब्रुवारीचा भाग मायामी बीचच्या डोव्हिल हॉटेलातून थेट झाला आणि त्यालाही सुमारे ७ कोटी प्रेक्षक होते. २३ तारखेचा भाग ९ तारखेलाच दुपारी, वेगळ्या प्रेक्षकांसमोर चित्रित केला होता. सप्टेंबर १९६५ मध्ये आणखी एक भाग लागला.

आज कुठे बघायला मिळेल?

एड सलिव्हन शोच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर गाणी सुटी सुटी आहेत. जमलं तर चारही भाग पूर्ण असलेली डीव्हीडी मिळवा. जाहिराती, जादूगार आणि आपटलेली विनोदी जोडी त्यातच आहे. मेझल्स बंधूंचं चित्रण 'बीटल्स ६४' या २०२४ च्या माहितीपटात नव्याने स्वच्छ करून वापरलं आहे.